हिराक्काची पाणमांजर

हिराक्का, संगीताचा फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होते आणि फोन पर्समध्ये बंद होता. मधल्या सुट्टीत सुरू केला तर तिचे सात कॉल येऊन गेले होते. तुझ्या सुनेनं मला एका दिवसात सात वेळा कधी फोन केला नव्हता. मला कळायला हवं होतं. बहुधा कळलंही होतं. म्हणूनच मी आधी डबा काढला, तो संपवला, हात धुतले आणि मग फोन लावला. ती म्हणाली, "बाई, आत्ती गेल्या. पहाटंच. तुमची वाट बघितली वो, पर पावनं थांबंनात. आत्ताच उरकलं."

मी डबा खात होते तेव्हा तुला माती देत होते. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून तुलाच सांगते.

आठ वर्षांपूर्वी मी साताऱ्याहून आष्ट्याला माहेरी परत आले, ती एकटीच. अनुजा तेव्हा सहा वर्षांची होती. ती तिच्या बाबांकडं राहिली आणि कोर्टानं महिन्याचा दुसरा शनिवार मला दिला. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता. त्या घरात मला श्वास घेता येत नव्हता एवढंच. ते कुणाला समजावून सांगायचं म्हटलं की माझ्याच कानाला खोटं वाटायचं. आई नव्हतीच. अण्णांनी काही विचारलं नाही. माझी पुस्तकं ठेवायला माडीवरचं कपाट मोकळं करून दिलं आणि पेपर वाचायला बसले. सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. रोज जाऊन येऊन करायची.

आमचं जैनांचं घर, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकलेली. त्यानंतरचा वेळ मला खायला उठायचा. म्हणून मी मळ्याकडं चालत निघायची. त्या वर्षी दिवाळीनंतर, सोयाबीन निघालेल्या आमच्या रानात तुमची मेंढरं बसली होती. वडूजच्या पलीकडच्या तुमच्या कोरड्या गावातनं तुम्ही दर साली अशीच खाली यायचा, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण तुझं नाव माहीत नव्हतं. आमची जेवणं झाली की तुमची चूल पेटायची. तीन दगडांच्या त्या चुलीपुढं तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता विचारलंस, "कुणाची गं तू?"

"अण्णांची शैला."

"परत आलेली?"

सबंध आष्ट्यात तो शब्द माझ्या तोंडावर कुणी उच्चारला नव्हता. मी "हो" म्हटलं.

"लेकरू?"

"तिकडं."

तू भाकरी उलटलीस, ती फुगली, काढून चुलीच्या दगडाला टेकवून ठेवलीस. मग म्हणालीस, "बस." एवढंच. मी बसले. त्यानंतर सात हिवाळे बसत आले.

आपलं बोलणं सुरू झालं ते मेंढरांवरनं. कॉलेजात मला एक नवा विषय शिकवायला दिला होता. इंग्रजांच्या मुलखातल्या जुन्या लोककथा, तिथल्या खेड्यांतलं दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं जगणं. कॉलेजातल्या पोरांना त्यात काही रस नव्हता आणि मला तो विषय कुणाला तरी सांगितल्याशिवाय डोक्यात बसत नव्हता. मी तुला सांगितलं की तिकडं उत्तरेकडच्या डोंगरातले मेंढपाळ मेंढरं मोजायला निराळेच आकडे वापरायचे. माणसं मोजायला ते आकडे नाहीत, फक्त मेंढरांना. यान, तान, तेथेरा, मेथेरा, पिंप.

"पिंप?" तुझा हात पिठात तसाच राहिला. "पाच मेंढरं म्हंजी एक पिंप?"

तू इतकी हसलीस की तुझा पोरगा मायाप्पा वाघरीपासनं, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या त्या जाळीपासनं, काय झालं म्हणून बघायला आला. त्या दिवसापासनं मेंढरं आत घेताना तू त्याला ओरडून विचारायचीस, "किती पिंपं झाली रं?"

तुला त्या लोकांबद्दल परकेपणा कधी वाटला नाही. मी सांगायचे, हिवाळ्यात सगळं घर एका शेगडीभोवती बसायचं, बाया लोकर कातायच्या, आणि एखादी म्हातारी गोष्ट सांगायची. तू मान हलवायचीस. तुझ्याही हातात लोकर कातायची चाती फिरत असायची. लांबच्या पाहुण्यांची खुशाली कळावी तशी तू ऐकायचीस. घरात राबणाऱ्या बुटक्या भुताला तिथं बाया दुधाची वाटी ठेवायच्या, आणि कुणी त्याला नवे कपडे शिवून दिले की ते रुसून निघून जायचं, हे ऐकून तू म्हणालीस, "बरूबर हाय. दूध घरच्याला देत्यात. कापडं गड्याला."

मी तो प्रकार दोन पुस्तकांत वाचला होता. दोन्हींत इतका सरळ खुलासा नव्हता.

एकदा मी सांगितलं की तिकडं मेंढपाळ मेला की त्याच्या हातात लोकरीचा पुंजका ठेवून पुरायचे. देवानं विचारलं की दर रविवारी देवळात का आला नाहीस, तर त्यानं लोकर दाखवायची. मेंढरं सोडून येता येत नव्हतं, हे देवाला कळावं. तू चातीला नवी लोकर जोडलीस. मग म्हणालीस, "आमाला न्हाई लागायची. आमचा बिरोबा सोताच मेंढरात हाय. त्येला सगळं ठावं हाय."

आणि मग एका तिन्हीसांजेला मी तुला ती गोष्ट सांगितली. तेव्हा मला माहीत नव्हतं की मी काय करते आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात बेटं आहेत. तिथले लोक सांगायचे की सील नावाचे समुद्रातले प्राणी कधी कधी कातडं उतरवून बाया होतात आणि खडकांवर ऊन खातात. एका कोळ्यानं असं एक कातडं पळवलं. त्या बाईला पाण्यात जाता येईना. तिनं त्याच्याशी लग्न केलं, तिला पोरं झाली, ती संसार करू लागली. पण रोज ती समुद्राकडं बघायची. बऱ्याच वर्षांनी तिच्या धाकट्या पोरीला ते लपवलेलं कातडं सापडलं. पोरीनं ते आईला दाखवलं. आईनं ते अंगावर घेतलं आणि ती समुद्रात निघून गेली.

मी थांबले. मला वाटलं तू म्हणशील, बिचारी. किंवा म्हणशील, कसली आई.

तू विचारलंस, "जायच्या आदी पोरांना खायला घातलं का तिनं?"

"ते काही लिहिलेलं नाही, अक्का."

"न्हाई लिवलं?"

"नाही."

"मग लिवणारा बाप्या माणूस आसंल," तू म्हणालीस, आणि माझ्यापुढं भाकरी सरकवलीस. दिवस बुडालेला होता. आमच्यात चालत नाही, हे तुला माहीत होतं. मी खाल्ली.

सील तुला माहीत असायचं कारण नव्हतं. समुद्रही तू पाहिलेला नव्हतास. मी सांगितलं, पाण्यात राहतं, मासे खातं, कुत्र्यासारखं तोंड, तुकतुकीत कातडं. तू म्हणालीस, "मंग पाणमांजर की." कृष्णेच्या डोहांत तू पाणमांजरं पाहिली होतीस. विषय तिथंच संपला असं मला वाटलं.

पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही आलात तेव्हा ती गोष्ट तुझ्याबरोबर आली. वर्षभरात ती मेंढपाळांच्या किती वाड्यांवर फिरली होती कुणास ठाऊक. कृष्णेच्या डोहात पाणमांजरी होत्या. ऊन खायला त्या कातडी उतरवून बाया व्हायच्या. नाव चालवणाऱ्या एकानं एक कातडं पळवलं आणि ज्वारीच्या कणगीत तळाला दडवलं. दुष्काळ पडला, कणगी रिकामी होत आली, आणि धाकटी पोर शेवटची ज्वारी काढायला आत उतरली तर तिच्या हाताला मऊ लागलं.

"पोरीनं कातडं आईम्होरं ठेवलं," तू सांगत होतीस. "आईनं बघितलं. बोलली न्हाई. त्या शेवटच्या ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. पोरांना पोटभर खायाला घातलं. पोरींच्या येण्या घातल्या. धाकटीची येणी दोनदा सोडून परत घातली. मग कातडं घेतलं आन गेली."

"गेली?"

"गेली. जायाचं हुतंच की. पर दर साली पाणी उतरलं की ती येती. डोहाच्या धोंड्यावर पोरांसाठी मासं ठेवती. पोरं येत्यात, मासं उचलत्यात. ती लांबनं बघती."

नंतर एकदा अण्णा मळ्यात आले होते आणि बांधावर बसून ऐकत होते, तेव्हा माशांच्या जागी तू वाळकं केलीस. पाण्यातली बाई पोरांसाठी वाळकं ठेवून जाते. अण्णांनी गंभीरपणे मान हलवली. परत येताना वाटेत ते एवढंच म्हणाले, "बाई शहाणी आहे." कोणती बाई, ते मी विचारलं नाही.

त्याच वर्षी कॉलेजच्या लायब्ररीत जुनी पुस्तकं चाळताना मला त्या बेटांवरची आणखी एक सांगणी सापडली. तीत ती सील-बाई परत किनाऱ्याशी येते आणि पोरांसाठी खडकावर मासे टाकून जाते. अक्का, मी पुस्तक मिटून बसून राहिले. तू ते वाचलेलं नव्हतंस. तुला वाचताच येत नव्हतं. तुम्ही तेव्हा गावाकडं गेला होतात. मी संगीताला फोन करून तुला द्यायला सांगितलं आणि ओरडून ओरडून सगळं सांगितलं. तू शांतपणे म्हणालीस, "मग? म्या सांगितलं न्हवतं का?"

आता त्या भांडणाचं. ते मला लिहायलाच हवं.

दोन वर्षांपूर्वी अनुजा यायची बंद झाली. कुणी तिला अडवलं नव्हतं. बारा वर्षांची मुलगी, तिला शनिवारी मैत्रिणी होत्या, नाचाचा क्लास होता. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी साताऱ्याला, आम्ही भेटायचो त्याच हॉटेलात त्याच टेबलाशी बसायची. कधी तिचा मेसेज यायचा, कधी तोही नाही. दोन तास बसून मी आष्ट्याची एसटी धरायची. आणि त्याच उन्हाळ्यात मी तुझी गोष्ट लिहून काढली आणि एका दिवाळी अंकाला पाठवली. तुझं नाव घातलं, तुझे शब्द घातले. भाकऱ्या, वेण्या, कणगी, सगळं. फक्त शेवट घातला नाही. माझ्या लेखात बाई पाण्यात शिरते आणि गोष्ट संपते. खाली मी टीप दिली की बाई परत येते हा भाग नंतर जोडलेला असावा. मला माहीत होतं की तसं काही म्हणायला आधार नाही.

अंक घेऊन मी मोठ्या उत्साहानं मळ्यात आले. संगीता दहावी शिकलेली, तिनं चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचलं. तू चाती फिरवत होतीस. ती थांबली.

"म्होरलं?" तू विचारलंस.

"एवढंच हाय, आत्ती."

तू माझ्याकडं वळलीस. "ती परत येती, शैलाबाय."

"मूळ गोष्टीत येत नाही, अक्का."

"मूळ म्हंजी कुठलं?"

"पुस्तकातलं. आधीचं."

"तेबी तिकडच्या कुठल्या तरी म्हातारीनं आसंच चुलीम्होरं सांगितलं आसंल न्हवं?"

"हो."

"मग मी कोण हाय?"

  मी चिडले. म्हणाले, "प्रत्येकीला परत येता येत नाही. आणि आली तरी पोरं तिथं असतातच असं नाही. तुला काय माहीत त्यातलं? तुझी पोरं तुझ्याजवळ आहेत."

 चाती थांबली होती, तिला पीळ भरून तू परत सोडलीस. मग म्हणालीस, "तिला का अडवलीस गं तू?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी सांगलीत परीक्षेचं काम होतं. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम आले नाही. चौथ्या दिवशी रान मोकळं होतं, नुसत्या लेंड्या आणि तुझ्या चुलीचे तीन काळे दगड.

मला वाटलं, पुढच्या साली बोलू.

पुढच्या साली मायाप्पा एकटाच आला. तू मिरजेच्या दवाखान्यात होतीस. मी धावत आले. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना बरंचसं कळतं, पण शब्द सापडत नाहीत. एक शब्द तेवढा राहिलाय.

तो शब्द "व्हय" होता.

दुपारची वेळ होती. संगीता चहा आणायला खाली गेली. मी खाटेजवळ बसले. म्हटलं, "अक्का, ओळखलंस का?"

"व्हय."

"दुखतंय का?"

"व्हय."

"माझ्यावर रागावली आहेस?"

"व्हय."

मी म्हटलं, "शेवट बदलून लिहू का? ती परत येते असं लिहू?"

"व्हय."

मला हायसं वाटलं, आणि लगेच भीती वाटली. मी विचारलं, "की आहे तसंच ठेवू?"

"व्हय," तू म्हणालीस, आणि डोळ्यांतनं पाणी गळलं. ते रडणं होतं, की डॉक्टर म्हणत होते तसं त्या दुखण्यात नुसतंच पाणी येतं, हेही मला सांगता येणार नाही. जिनं मला सात वर्षं एकही गोष्ट गुळमुळीत सांगितली नव्हती, तिच्याकडनं मला एक साधं "न्हाई" मिळेना. मी वेड्यासारखी विचारत राहिले. ती भाकऱ्या करते ना? व्हय. मासे ठेवते ना? व्हय. अनुजा येईल का? व्हय. मग मी थांबले. पुढं विचारणं म्हणजे तुला छळणं होतं. तू डावा हात वर केलास, बोटं जुळवून काहीतरी दाखवलंस, माझ्या डोक्याकडं, मग तोंडाकडं. घास? वेणी? पुन्हा दाखवलंस. मला कळलं नाही. तुझा हात दमून खाली पडला आणि तू भिंतीकडं तोंड केलंस.

तुला गावाकडं नेलं. मी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा तू झोपलेली होतीस आणि मी तुला उठवू दिलं नाही. आता वाटतं, मला तुझ्या जागेपणाची भीती वाटत होती.

आणि आता तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. मायाप्पा मेंढरांकडं गेला होता. दोन दिवस त्यांना भाऊबंदांनी सांभाळलं होतं, तिसऱ्या दिवशी कोण सांभाळणार? संगीतानं मला पाणी दिलं. दारात ऊन होतं. मी तिला म्हटलं, "अक्का माझ्यावर रागावूनच गेली."

ती म्हणाली, "न्हाई वो. त्या तुमच्यावर कवाच रागावल्या न्हवत्या." मग म्हणाली, "तुमास्नी तायडीचं ठावं न्हाई का?"

मला ठाऊक नव्हतं. सात वर्षांत मी तुला माझं सगळं सांगितलं होतं, आणि तुला कधी विचारलं नव्हतं.

संगीतानं सांगितलं. तुझी पहिली लेक. चार वर्षांची. तुम्ही मेंढरं घेऊन खाली निघाला होतात, उंब्रजच्या अलीकडं आला होतात. पोरीला ताप होता. तिला घोड्यावर बिराडात बसवलं होतं. तिनं भाकरी मागितली. तू म्हणालीस, म्होरच्या मुक्कामाला चूल पेटली की देती. पुढच्या मुक्कामाला तिला खाली उतरवलं तेव्हा तिला भाकरीची गरज राहिली नव्हती.

"तितंच रस्त्याच्या कडंला लिंबाखाली ठेवली," संगीता म्हणाली. "दर साली जाताना आन येताना आत्ती तितं थांबायच्या. ताजी भाकरी करून ठेवायच्या. मेंढरं म्होरं जायाची, ह्या मागनं यायच्या. कुणी काय बोलायचं न्हाई. मग रस्ता मोठा केला तवा लिंब गेला. त्या साली आत्तींना जागा घावली न्हाई. लय हिंडल्या. भाकरी तशीच परत आणली."

"कुठल्या साली?"

"तुमी ते पुस्तक आणलं हुतं की. त्याच साली."

अक्का, मी तिथं तुझ्या ओट्यावर बसले होते. संगीता तांब्या घेऊन आत गेली आणि बाहेर आली, आणि मी तशीच बसले होते. तुला काय माहीत त्यातलं, असं मी तुला म्हणाले होते. तू तेव्हा मला तायडीचं नाव सांगू शकली असतीस. एका वाक्यात मला गप्प करू शकली असतीस. तू चातीला पीळ भरलास. ते गप्प बसणं माझ्यासाठी होतं का, की ते कुणाला सांगायचंच नव्हतं, हे मला आता कधीच कळणार नाही. माझ्याकडं फक्त तुझे शब्द आहेत, वहीत उतरवलेले. तुझ्या गप्प बसण्याची मी नोंद ठेवली नव्हती.

निघताना संगीतानं वाटेसाठी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. उंब्रजला मी खाली उतरले. तिथनं आष्ट्याकडची गाडी धरायची होती. पण मी रस्त्याच्या कडेनं चालत मागं गेले. पुलाखालचा रस्ता, उसाच्या रसाचे गाडे, ट्रकांची रांग. टायरच्या दुकानातल्या माणसाला विचारलं, इथं पूर्वी लिंब होता का. तो म्हणाला, "कुठला लिंब? लय हुतं की वो, समदंच तोडलं." मी हातात फडकं धरून उभी राहिले. इथं ठेवावं की तिथं, की त्या डांबराखालीच आहे ती जागा, काही कळायला मार्ग नव्हता. तूही अशीच हिंडली असशील. तुझ्याबरोबर निदान त्या जागेची आठवण होती. मला तीही नव्हती. एका ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, मी बाजूला झाले. तेवढ्यात साताऱ्याची एसटी आली आणि मी तिच्यात चढले. ठरवून नाही. आष्ट्याची बाजू रस्त्याच्या पलीकडं होती, एवढंच.

अनुजाचा क्लास मला माहीत होता. पाच वाजता पोरी येतात. मी फाटकाशी उभी राहिले. ती सायकलवरनं आली. उंच झाली आहे. मला बघून तिनं पाय टेकवला.

"आज शनिवार नाहीये," ती म्हणाली.

"माहीत आहे. इकडं आले होते. एक बाई वारल्या."

"कोण?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना की तू कोण होतीस. म्हटलं, "मेंढरं घेऊन यायच्या आपल्या मळ्यात. गोष्टी सांगायच्या."

ती उतरली. सायकल भिंतीला लावली. मला वाटलं आत जाईल. ती म्हणाली, "कसल्या गोष्टी?"

मग मी तिथं फाटकाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींच्या मधे, तुझी गोष्ट सुरू केली. दिवस अजून वर होता. दिवसा गोष्ट सांगायची नाही, हे तू मला पहिल्याच वर्षी बजावलं होतंस. पण माझ्याकडं दुसरा वेळ नव्हता. डोह सांगितला, कातडं सांगितलं, कणगी सांगितली. आई भाकऱ्या करते, वेण्या घालते, धाकटीची दोनदा घालते, हेही सांगितलं. अनुजा माझ्याकडं बघत नव्हती. सायकलच्या घंटीवर बोट फिरवत होती.

"हे तू मला लहानपणी कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

आतनं कुणीतरी तिला हाक मारली. गोष्ट शेवटाशी आली होती. तिला शेवट सांगायचा हक्क मला आहे की नाही, हे मला त्या क्षणीही ठरवता आलं नाही. तिनं पाठीवरची सॅक नीट केली. "सर आले," ती म्हणाली. "येते."

आणि ती जिना चढून गेली. मी तिथंच उभी होते, अक्का. निघताना सगळेच 'येते' म्हणतात. दुकानातनं निघताना म्हणतात, शेजाऱ्याच्या दारातनं निघताना म्हणतात. लहानपणी मीच तिला तसं म्हणायला शिकवलं होतं. तिनं ते सवयीनं म्हटलं, की मला म्हटलं, हे मी कुणाला विचारू?